गाठ किती कमी झाली ते कळतं. माणूस कसा आहे ते कोण विचारणार?

विश्लेषण

किमो घेऊन माणूस गावात परतला की पारावर असो नाहीतर दारात, पहिला प्रश्न एकच : "रिपोर्ट काय म्हणतो?" रिपोर्टमध्ये गाठ किती सेंटिमीटर, हिमोग्लोबिन किती, पेशी किती, सगळं आकड्यात असतं. पण रात्री झोप लागते का, भाकरी गिळते का, पोरीच्या लग्नाचा घोर लागलाय का, हे त्या कागदावर नसतं. कंटाळून इलाज अर्धवट सोडायला मात्र हीच कारणं पुरेशी होतात.

या गोष्टीही मोजता येतात. कॅन्सर पेशंटसाठी युरोपातल्या संशोधकांनी तयार केलेली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली १९९३ पासून जगभर वापरात आहे. ती मराठीतही आहे. दम लागतो का, भूक लागते का, मागच्या आठवड्यात चिंता वाटली का, चिडचिड झाली का, उदास वाटलं का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. बहुतेक प्रश्नांना 'अजिबात नाही' ते 'खूप जास्त' अशी चार उत्तरं असतात. त्यावरून ० ते १०० असे गुण काढतात. एकदाच्या गुणांवरून फार काही कळत नाही. मागच्या वेळेपेक्षा चढलं की उतरलं, ते बघायचं असतं.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी वेगळी जोड-प्रश्नावली आहे. घरच्यांसमोर, चारचौघांत जेवताना अडचण वाटते का, असंही त्यात विचारलेलं आहे. तंबाखू-गुटख्यापायी जबड्याचं ऑपरेशन झालेला माणूस पंगतीला बसायचं का टाळतो, हे या एका प्रश्नातून समजतं. इलाजामुळं पैशाची ओढाताण झाली का, हाही प्रश्न मूळ ३० मध्ये आहे. हॉस्पिटलचं बिल सरकारी योजनेत बसलं, तरी पेशंटची आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी त्यात येत नाही.

अडचण कुठं येते?

पहिली अडचण शब्दांची. मूळ प्रश्नावलीत जड पिशवी किंवा सुटकेस उचलताना त्रास होतो का, असं विचारलंय. आपल्याकडच्या बाईला पाण्याची घागर, वैरणीचा भारा म्हटलं की लगेच कळेल. अर्थात छापील प्रश्न मनानं बदलून गुणांची तुलना करता येत नाही. पण समजावून सांगायला कुणीतरी बसलं पाहिजे.

दुसरी अडचण मोठी आहे. उत्तर पेशंट देत नाही, सोबतचा मुलगा देतो. "आईला काही त्रास नाही, डॉक्टर." कित्येक घरांत तर आजाराचं नावच पेशंटला सांगितलेलं नसतं. मग "चिंता वाटते का?" हा प्रश्न कुणी कसा विचारायचा? घरच्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यांना वाटतं ते आणि पेशंटला होतं ते एकच असेल असं नाही.

विचारल्यानं फरक पडतो

न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात शरीरात पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ पेशंटवर अभ्यास झाला. एका गटानं आपला त्रास नियमित कॉम्प्युटरवर नोंदवला. त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी तपासणी झाली. २०१७ मध्ये निकाल आला. नोंदवणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, दुसऱ्या गटाचं २६. तिथली यंत्रणा आणि इथली यंत्रणा एक नाही, हे खरं. पण मुद्दा मशिनचा नाही. विचारलं, नोंदवलं आणि लगेच हालचाल केली, म्हणून फरक पडला. नुसते फॉर्म भरून फाईलला लावले तर उपयोग शून्य.

ग्रामीण भागाला अशा नोंदी ठेवणं नवं नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. आज आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात, त्यात न भरणारी तोंडातली जखम, स्तनातली गाठ यांच्याबरोबर मन उदास असतं का, हेही विचारलेलं आहे. पण तो फॉर्म आजार शोधण्यासाठी आहे. आजार सापडल्यावर, दोन किमोंच्या मधल्या दिवसांत, दुखणं, झोप, जेवण, मन आणि पैसा या पाच गोष्टी गावातच विचारल्या गेल्या पाहिजेत. आशांवर आधीच कामाचा बोजा आहे. हे काम द्यायचं तर मोबदलाही ठरवावा लागेल. त्रास वाढलेल्या पेशंटला पुढं कुणाकडं पाठवायचं, तेही आधी ठरलं पाहिजे.

तोवर घरात एक वही ठेवता येते. आठवड्यातून एकदा, पेशंट एकटा असताना, या पाच गोष्टींना ० ते १० पैकी आकडा त्याच्याच तोंडून घ्यायचा. ती वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवायची. मन फारच खचलं असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

रिपोर्ट चांगला आला म्हणून पेशंट बरा असेलच, असं धरून चालू नये. आधी त्यालाच विचारावं.