‘पक्षी’ नावाचा पक्षी नसतो

‘प्रस्तुत कवितेतील पक्षी हे स्वातंत्र्याचे प्रतीक आहे.’ मराठी विषय घेऊन पदवी आणि पदव्युत्तर परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे भाग्य आम्हाला गेली बरीच वर्षे लाभत आले आहे, आणि हे वाक्य आमच्या लाल शाईखालून किती वेळा गेले याची मोजदाद आम्ही केव्हाच सोडून दिली आहे. दोष विद्यार्थ्यांचा नाही. ते वाक्य त्यांना आम्हीच, म्हणजे मराठीच्या अध्यापकांनी आणि समीक्षकांनी, पढवले आहे. कवितेत पक्षी उतरला रे उतरला की त्याच्याकडे धड पाहण्याआधीच आपण त्याला प्रतीकाच्या पिंजऱ्यात घालून दार लावून घेतो. तो कोणता पक्षी, त्या ऋतूत तो तेथे असतो का, गातो तो नर की मादी, हे प्रश्न वर्गात विचारले तर ते ‘साहित्यबाह्य’ ठरतात. आमचे म्हणणे असे की हे प्रश्न साहित्यबाह्य नाहीत. आणि ते विचारण्याची सवय लागावी यासाठी हौसेने पक्षी पाहण्यासारखी दुसरी शाळा नाही.

आम्ही म्हणजे चौघे. चौघेही मराठी शिकवतो आणि माळशिरस तालुक्यात, वेळापूरच्या आसपास राहतो. चौघांत मिळून एक दुर्बीण आहे आणि तिची एक बाजू धूसर आहे. रविवारी उजाडता उजाडता अर्धनारी नटेश्वराच्या देवळापासून निघायचे, उसाच्या बांधाबांधाने माळाच्या तुकड्यापर्यंत जायचे आणि ऊन चढले की चहाच्या टपरीवर येऊन काय पाहिले त्यावर वाद घालायचा, असा आमचा क्रम आहे. आमच्या एका विद्वान सहकाऱ्यांनी या उद्योगाला ‘सेवानिवृत्तीची पूर्वतयारी’ असे नाव दिले आहे. दुसऱ्या एकांच्या मते ही साहेबांची हौस. मराठी मातीत तिला मूळ नाही.

या दुसऱ्या आक्षेपाचा समाचार आधी घेऊ, कारण तो देशीपणाचा आव आणून येतो. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा. नीरा उजव्या कालव्याचे पाणी जेथे पोचले तेथे आता ऊस उभा असला, तरी जिरायती रानात हुरड्याच्या दिवसांत अजून ज्वारी डोलते आणि तिच्यावर भोरड्यांचे थवे उतरतात. शेताच्या मध्यभागी माळा बांधून, हातात गोफण घेऊन त्यांना हाकणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पाहतच आली आहेत. थवा कोणत्या दिशेने येतो, बसण्यापूर्वी कसा वळसा घेतो, कोणत्या झाडावर रात्रीला जातो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला टिटवीच्या ओरडण्यावरून तिचे अंडे जवळ आहे की कुत्रे, हे कळते. सालिम अलींचे पहिले पुस्तक १९४१ साली इंग्रजीत आले म्हणून पक्षी पाहणे इंग्रजी होत नाही. आमच्याकडे पाहणारे होते. लिहिणारे पाहत नव्हते, इतकेच.

एका माघातली संध्याकाळ आम्हा चौघांच्याही मनात घर करून आहे. सूर्य कलला होता. आधी धुरासारखे काही तरी पश्चिमेकडून आले, मग तो धूर वळला, आवळला, पसरला, आणि हजारो भोरड्या एका अंगाने वळल्या तेव्हा पंखांचा जो आवाज झाला तो पाऊस दुरून चालत यावा तसा होता. ज्यांचे शेत होते ते गृहस्थ शेजारीच उभे होते. ते म्हणाले, ‘‘तुमची मजा होतीया सर, आमची कणसं जात्यात.’’ आम्ही ओशाळलो. परंतु एवढे बोलून तेही वर बघतच राहिले. हा पक्षी मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरता येतो, तिकडे टोळांवर जगतो आणि इकडे आमच्या ज्वारीवर. त्या वेळी आमच्यापैकी एकालाही तो कशाचेही प्रतीक वाटला नाही. प्रतीकाला एकच अर्थ द्यावा लागतो. त्या थव्याला शेतकऱ्याचा एक, आमचा एक आणि त्याचा स्वतःचा एक, असे निदान तीन अर्थ होते.

आता साहित्याकडे येऊ. माउलींची पालखी आषाढी एकादशीच्या काही दिवस आधी वेळापूरला मुक्कामाला असते. त्याच सुमारास, कधी थोडा आधी, गावाबाहेरच्या तारेवर एक पक्षी येऊन बसतो. पाठ काळी, पोट पांढरे, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा डाग, आणि आवाज असा की एकदा ऐकला की विसरू नये. हा चातक. संतकाव्यापासून भावगीतापर्यंत मराठीत ज्याने चोच वर करून पावसाच्या थेंबाची वाट पाहिली, तोच हा. पालखीबरोबर चालणारे, ज्ञानेश्वरी मुखोद्गत असणारे कितीतरी लोक त्या तारेखालून जातात. मराठीचे अध्यापकही जातात. वर पाहणारे थोडे.

तो पाहिल्याने काय कळते? पहिली गोष्ट ही की चातक थेंबांवर जगत नाही, सुरवंटांवर जगतो. एवढ्यावर थांबलो तर ‘विज्ञानाने कवींना खोटे पाडले’ असा बाळबोध निष्कर्ष निघेल, आणि तो आम्हाला मान्य नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा पक्षी मोसमी वाऱ्यांच्या बरोबरीने आफ्रिकेकडून येतो आणि पहिल्या पावसाच्या आगेमागे आमच्या रानात ओरडू लागतो. म्हणजे ज्याने प्रथम चातकाचा आणि पावसाचा संबंध जोडला त्याने डोळे उघडे ठेवून आभाळ पाहिले होते. कविसंकेताच्या मुळाशी निरीक्षण होते. आपण संकेत तेवढा वारशाने घेतला आणि निरीक्षण टाकून दिले. तिसरी गोष्ट आम्हाला एका श्रावणाच्या शेवटी दिसली. बाभळीखाली सातभाईंचा गलका चालला होता आणि त्यातला एक सातभाई पंख थरथरवणाऱ्या, आपल्याहून वेगळ्याच दिसणाऱ्या पोराच्या चोचीत अळी कोंबत होता. ते पोर चातकाचे. चातक आपले अंडे सातभाईच्या घरट्यात घालतो. एकनिष्ठेचा आदर्श म्हणून ज्याला आपण शतकानुशतके मिरवले, तो आपली पोरे दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो! यावर एखादा कवी काय लिहू शकेल याची कल्पना करावी. पण त्यासाठी कोणी तरी बाभळीखाली थांबायला हवे.

ज्ञानेश्वरी १२९० सालची. वेळापूरच्या देवळातले यादवकालीन शिलालेख त्याच रामचंद्रदेवाच्या काळातले. त्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात शरदाच्या चांदण्यातली चकोराची पिले आहेत, आणि चोचीने समुद्र मापू पाहणारी टिटवीही आहे. चकोर हा डोंगराळ उत्तरेकडचा पक्षी. तो आमच्या मुलखात नाही आणि तो येथे संस्कृत परंपरेतून आला आहे. टिटवीही कथापरंपरेतूनच आली, परंतु ती ऐकणाऱ्याच्या शेतात होती आणि आजही आहे. एक उपमा श्रोत्याला उंच नेते, दुसरी त्याला त्याच्या बांधावर आणून उभी करते. दोन्हींत केवढा फरक आहे! पण ज्याला दोन्ही ‘पक्षी’च वाटतात त्याला हा फरक दिसणार कसा? तो ‘दृष्टान्तांची समृद्धी’ असे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

कोकिळेचे तर विचारूच नये. गाते म्हणून जिची आपण पिढ्यान्‌पिढ्या वाखाणणी केली ती मादी कुहूकुहू करतच नाही. गातो तो काळा कुळकुळीत नर. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी किक्‌-किक्‌ असे चिरके ओरडते. मराठीने नराचा आवाज काढून मादीला दिला. हा संकेत का तयार झाला, स्वराचे स्त्रीत्व आपल्याला इतके हवेसे का वाटले, हा प्रबंधाचा विषय आहे. पण तो सुचण्यासाठी आधी झाडावर गाणारा कोण, हे पाहिलेले असावे लागते. कीट्सच्या नाइटिंगेलला आपण मराठीत कधी कोकिळा केले, कधी बुलबुल. दोघांचाही त्या पक्ष्याशी काही संबंध नाही. अनुवादाच्या तासाला आपण छंदावर बोलतो, भावावर बोलतो. पक्षी बदलला तर रात्र बदलते, यावर बोलत नाही.

प्रत्येक कवीने पक्ष्याची जात सांगावी असा आमचा आग्रह मुळीच नाही. ना. वा. टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेतील जखमी पक्षिणीची जात कवीने सांगितलेली नाही, आणि त्या करुणेला तिची गरजही नाही. परंतु ती झाडाच्या ढोलीकडे परतते, हे कवीने सांगितले आहे. पक्षी पाहणारा वाचक तेथे क्षणभर थांबतो. ढोलीत घर करणारे पक्षी मोजकेच: पोपट, मैना, पिंगळा, तांबट, सुतार असे काही. त्याच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट झाड, एक विशिष्ट काळोखी बीळ उभे राहते, आणि आत वाट पाहणारी पिले बाहेरून दिसत नाहीत, हेही त्याला ठाऊक असते. कवितेत नव्हते ते त्याने घातले नाही. कवितेत होते तेच त्याने वाचले. यालाच आपण वर्गात ‘सूक्ष्म वाचन’ म्हणतो ना?

आमचा दुसरा झगडा पलीकडच्या बाजूशी आहे. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित आणि पट्टकदंब येतात, आणि त्यांच्यामागोमाग हातभर लांबीची भिंगे येतात. किती जाती झाल्या, किती राहिल्या, कोणाला उडतानाचा फोटो मिळाला, याचीच चर्चा होते. हिमालय ओलांडून आलेला पट्टकदंब चिखलात चोच खुपसून उभा असतो आणि त्याला उडवण्यासाठी कोणी नाव जवळ नेत असतो. समीक्षक पक्ष्याचे प्रतीक करतो, हा त्याचा आकडा करतो. पाहत दोघेही नाहीत. आमची बाजू हौशी माणसाची आहे. त्याला काही सिद्ध करायचे नसते, म्हणून तो थांबू शकतो. देवळाच्या आवारातल्या पिंगळ्यांच्या जोडीसाठी आम्ही अर्धा-अर्धा तास उभे राहिलो आहोत, आणि पिंगळा हा काही दुर्मीळ पक्षी नव्हे.

‘पण यातून साधणार काय?’ असा प्रश्न उरतो. आमच्याच जिल्ह्यातल्या नान्नजचे उदाहरण घ्यावे. माळढोकासाठी १९७९ साली येथे अभयारण्य झाले. सुरुवातीला कागदोपत्री सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे, पुढे बरेच आक्रसलेले. आज हा पक्षी साऱ्या देशात दोनशेच्या आत उरला आहे. आम्हा चौघांपैकी एकानेही तो पाहिलेला नाही, आणि बहुधा पाहणारही नाही. त्याच्या नाशाची कारणे अनेक आहेत: शिकार, विजेच्या तारा, पिकांखाली गेलेला माळ. त्यांतले एक कारण मात्र आपल्या, म्हणजे भाषेच्या धंद्यातल्या माणसांच्या अखत्यारीतले आहे. माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो. सातबाऱ्यावर अशा जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात. ज्या गवतात हा पक्षी अंडे घालतो त्या गवताला आपल्या भाषेत ओसाडपणाखेरीज दुसरे नाव उरले नाही, आणि जे ओसाड ते नांगरायला कोणाची ना असणार? आमच्या फिरण्याने माळढोक परत येईल अशा भ्रमात आम्ही नाही. पण शब्द आधी मरतो की पक्षी, हा प्रश्न शब्दांवर पोट भरणाऱ्यांनी टाळू नये.

मराठीत हे जाणणारे लेखक झाले नाहीत असे नाही. आमच्या शेजारच्या माणदेशातले व्यंकटेश माडगूळकर वानरांच्या टोळ्या पाहत बसले, आणि त्यातून आलेल्या ‘सत्तांतर’ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडले, आदिवासींच्या तोंडून पाखरांची नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६ साली सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यांना आपण ‘अरण्यऋषी’ म्हणून नमस्कार केला आणि त्या नमस्कारात त्यांचे वाचन उरकून घेतले. ऋषी म्हटले की त्याच्यासारखे वागण्याची जबाबदारी राहत नाही. त्यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह असतो. एका महाविद्यालयात त्यानिमित्त लागलेला फलक आम्ही पाहिला. त्यावर दक्षिण अमेरिकेतला मकाव होता. फलकाच्या वरच, खिडकीच्या कठड्यावर, एक दयाळ गात होता.

असो. मराठीच्या अभ्यासमंडळांकडे आमची मागणी काही नाही. मागण्यांचे काय होते ते आम्हाला माहीत आहे. विनंती आहे ती आमच्यासारख्याच अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना. येत्या पावसाळ्यात कधी तरी सकाळी लवकर बाहेर पडावे, तारेवर कोण बसले आहे ते पाहावे आणि त्याचे नाव आजीला, गुराख्याला किंवा चितमपल्लींच्या कोशाला विचारावे. मग वर्गात जाऊन कविता उघडावी. उत्तरपत्रिकेत ‘पक्षी हे प्रतीक आहे’ असे खुशाल लिहावे. फक्त त्याआधी एक ओळ असावी, तो कोणता पक्षी आहे ही. त्या ओळीला आम्ही गुण देऊ.