संमतीची सही आणि बापाची भीती

महाविद्यालयांची वर्षे सुरू झाली म्हणजे अनेक घरांत एक लहानसा झगडा उभा राहतो. मुलगी राष्ट्रीय छात्रसेनेचा अर्ज घेऊन येते आणि वडील संमतीची सही करावयास नकार देतात. प्राध्यापकी करीत असताना अशी गाऱ्हाणी माझ्यापुढे कित्येकदा आली. विद्यार्थ्यांस माझे सांगणे एवढेच असे की, वडिलांशी वाद घालण्यापूर्वी त्यांची भीती कोणती आहे ते ओळखा. ही भीती अडाणीपणाची नसते. तिला कारणे असतात आणि कारणांस उत्तरेही असतात.

पहिली भीती अशी की, मूल फौजेत ओढले जाईल. छात्रसेनेचा १९४८ चा कायदा याबाबत स्पष्ट आहे : छात्रावर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे कोणतेही बंधन नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयांत हे शिक्षण सक्तीचे झाले होते. ती सक्ती टिकली नाही आणि १९६८ पासून ते पुन्हा ऐच्छिक झाले. तथापि जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने आईबापांच्या मनात नवा गोंधळ निर्माण केला आहे. चार वर्षांची नोकरी आणि त्यानंतर शंभरांतील फार तर पंचवीस जणांस कायम करावयाचे, या योजनेविषयी कष्टकरी बापास धास्ती वाटत असेल तर ती रास्तच होय. पण अग्निपथ ही भरती आहे, छात्रसेना हे शिक्षण आहे. एकीचा राग दुसरीवर काढणे मुलांवर अन्याय करणारे ठरेल.

दुसरी भीती अभ्यासाची. कवायतीस वेळ लागतो हे खरे. परंतु ‘सी’ प्रमाणपत्र आणि पदवीचे पुरेसे गुण असतील, तर अधिकारीपदाच्या विशेष प्रवेशात लेखी परीक्षेवाचून निवड मंडळापुढे जाता येते. ज्या घरास शिकवणी वर्गाची फी परवडत नाही, त्या घरास या सवलतीचे मोल अधिक आहे.

तिसरी भीती मुलीची. छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ पासून आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये तिच्यातील सतरा जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तरीही शिबिरात महिला अधिकारी कोण, राहण्याची सोय कशी, हे विचारण्याचा बापास पूर्ण अधिकार आहे. त्याने तो जरूर बजावावा. प्रश्न विचारून दिलेली संमती आंधळ्या नकारापेक्षा मुलीचे अधिक रक्षण करते.

चौथी शंका आपल्याच विचारांच्या मंडळींची : यातून लष्करशाहीची बीजे पेरली जात नाहीत काय? फ्रेंच समाजवादी नेते झाँ जोरेस जन्मभर युद्धाविरुद्ध झगडले आणि १९१४ मध्ये महायुद्धाच्या तोंडावर त्यांचा खून झाला. त्यांनीच १९११ मध्ये सैन्य जनतेचे असावे असे ग्रंथरूपाने मांडले. शस्त्रविद्या मूठभरांची मिरास झाली तर लोकशाहीस धोका अधिक, हे त्यामागील सूत्र. आपल्याकडे इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ ठरवून हीच मिरास निर्माण केली. पहिल्या महायुद्धात उभी केलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली आणि महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. दार कोणासाठी बंद होते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांनी ते आपल्या लेकरांसाठी स्वतःच्या हाताने लावू नये.

मात्र दार सर्वांस सारखे उघडे नाही. छात्रसेनेची तुकडी प्रत्येक महाविद्यालयास मिळत नाही. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीचा भार सरकार उचलत नाही. येथे मागणी सरकारकडे आहे : खेड्यातील महाविद्यालयास तुकडी द्या, तिचा खर्च पालकांच्या माथी मारू नका. आणि पालकांस विनंती एवढीच की, मुलगी संमती मागते आहे याचाच अर्थ तिला तुमचा शब्द मोडावयाचा नाही. त्या शब्दाची किंमत राखावयाची असेल, तर नकारापूर्वी तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्या.