बारा उपपंतप्रधान आणि एक मोक्याची जागा

आपल्यातलं कोणी मोठ्या पदावर गेलं की वस्तीत बॅनर लागतो. लागायलाच हवा. पण बॅनर उतरल्यावर दोन प्रश्न विचारायला हवेत. त्या पदावरून नेमकं काय करता येतं? आणि त्या माणसाला काढणं कोणाच्या हातात आहे?

जानेवारी 1975 मध्ये चीनने 12 उपपंतप्रधान नेमले. त्यांत दाझाई गावचे शेतकरी चेन योंगग्वेई होते. चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकलेले, राजधानीतही डोक्याला गावाकडचं पांढरं फडकं बांधणारे. वू ग्वेईशियान होत्या, कापड गिरणीतल्या कामगार. शेतकरी आणि कामगार बाई थेट सरकारात! आपलीही छाती फुगावी असं चित्र.

त्याच बारांत डेंग शियाओपिंगही होते. पंतप्रधान चाऊ एन लाय आजारी असल्याने रोजचा कारभार डेंगच पाहत. 1976 मध्ये पक्षाने त्यांची पदं काढली, 1977 मध्ये परत दिली. 1979 मध्ये ते अमेरिकेला गेले तेव्हाही हुद्दा उपपंतप्रधानाचाच होता, पण चीनची सूत्रं त्यांच्याच हाती आहेत हे जगाला ठाऊक होतं. हुद्दा एकच, वजन वेगळं. डेंग यांचं वजन पक्षातल्या आणि सैन्यातल्या जुन्या संबंधांतून आलं होतं. चेन यांना वर नेलं होतं माओंच्या मर्जीने.

डिसेंबर 1978 मध्ये, एक शेतकरी उपपंतप्रधान असताना, श्याओगांग गावच्या 18 शेतकऱ्यांनी सामुदायिक जमीन घरोघरी वाटून घेतली. तीही चोरून, कागदावर अंगठे उठवून. 'आपला माणूस' वर होता, पण त्याच्यापर्यंत जायची वाट नव्हती. तो वर होता सामुदायिक शेतीचा चेहरा म्हणून. माओ गेले, धोरण बदललं, चेहऱ्यांची गरज संपली. वू 1977 मध्ये गिरणीत परतल्या, चेन यांना 1980 मध्ये पद सोडावं लागलं.

आता 1951 आठवा. महत्त्वाच्या कॅबिनेट समित्यांवर आपल्याला घेतलं नाही, हे बाबासाहेबांनी राजीनाम्याच्या निवेदनात स्पष्ट लिहिलं. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, त्यांनी मंत्रिपद सोडलं. सभागृहात निवेदन करता आलं नाही, तेव्हा ते वर्तमानपत्रांना दिलं. पुढे निवडणूक लढवली, हरले, तरी बोलत राहिले. एकपक्षी राज्यातल्या उपपंतप्रधानाला हे दारच नसतं. पद सोडून तो कोणत्या पक्षात जाणार, कोणाकडे मत मागणार?

उद्या तुम्हालाही एखाद्या समितीवर 'समाजाचा प्रतिनिधी' म्हणून घेतील. जरूर जा. पण पहिल्याच बैठकीत पाहून घ्या : सही कोणाची चालते, माझा विरोध इतिवृत्तात नोंदला जातो का, आणि बाहेर येऊन मला बोलता येतं का? तिन्ही उत्तरं 'नाही' असतील, तर ती मोक्याची जागा नाही. ती फक्त फोटोतली जागा आहे.