हॅलो, कोण बोलतंय?

दोस्तांनो, या वेळचं भांडण एका शब्दाचं आहे. फोन उचलल्यावर तोंडातून जो पहिला शब्द पडतो, त्याचं. तुम्ही म्हणाल, याला दुसरं काम उरलं नाही काय? गायरानं, शिष्यवृत्त्या, अत्याचार सगळं सोडून हा टेलिफोनवर घसरला. घसरलो. कारण आपल्याआधी सरकारच घसरलं होतं.

१४ ऑगस्ट २०२२ ला सांस्कृतिक कार्य खातं हातात पडल्यापडल्या सुधीर मुनगंटीवारांनी जाहीर केलं, की सरकारी नोकरांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं. १ ऑक्टोबरला शासन निर्णय निघाला. २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीचा मुहूर्त धरून, वर्ध्याला मोहीम सुरू झाली. कारण काय दिलं? हॅलो ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे, त्याला अर्थ नाही, त्यातून जिव्हाळा वाटत नाही. सक्ती नाही, असंही सांगितलं. सक्ती नाही म्हणजे काय, ते साहेबाच्या केबिनबाहेर स्टुलावर बसणाऱ्या शिपायाला विचारा. तिकडून काँग्रेसच्या नाना पटोलेंनी ‘जय बळीराजा’ काढलं. आपल्यातली पोरं म्हणाली, मग आम्ही ‘जय भीम’ म्हणणार.

म्हणा ना. पण सरकारी आदेशाला चिडून म्हणणार असाल, तर तो आदेश विसरला जाईल त्या दिवशी तुमचा जय भीमही विसरला जाईल. आपल्याला हा शब्द कुठल्या मंत्र्यानं दिलेला नाही, आणि कुठल्या मंत्र्याला चिडवायला आपण तो घेतलेला नाही.

आधी त्या कचेरीतल्या फोनचा निकाल लावून टाकू. रेवदंड्याहून अलिबागला एसटीचे पैसे घालवायला नकोत म्हणून माणूस फोन करतो. जातीच्या दाखल्याचं काय झालं, घरकुलाचा हप्ता कुठं अडला, एवढंच त्याला विचारायचं असतं. त्याला पहिला शब्द कोणता ऐकायचा आहे? कचेरीचं नाव आणि बोलणाऱ्याचा हुद्दा. बस. भारतमाता त्याला पाठ आहे, टेबल नंबर पाठ नाही. आणि जिव्हाळा म्हणाल तर तो पहिल्या शब्दात नसतो, दुसऱ्या वाक्यात असतो. पहिलं काहीही असो, दुसरं येतं: ‘कुठून बोलताय? कुठल्या वाडीतून?’ २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा जाऊन समतानगर, भीमनगर यावं म्हणून. चांगलंच केलं. पण फोनवर ‘भीमनगरातून बोलतोय’ म्हटलं, की पलीकडचा जो अर्धा क्षण गप्प होतो, तो अर्धा क्षण कुठल्या शासन निर्णयानं बदलायचा?

आता त्या बिचाऱ्या हॅलोकडे या. मोबाईलवर एक थाप फिरते, की मार्गारेट हॅलो नावाची ग्रॅहम बेलची प्रेयसी होती, तिच्या नावानं तो हाक मारायचा. आपली शिकलेली पोरंसुद्धा ती पुढं ढकलतात. साफ खोटं. बेलला हॅलो आवडतच नव्हता. बोटीवरचे खलाशी एकमेकांना हाळी देतात तसा ‘अहॉय’ त्याला हवा होता. हॅलोचा आग्रह धरला एडिसननं, १८७७ साली, लांबून ऐकू जातो म्हणून. पुढं एक्स्चेंजवर बसणाऱ्या बायांनी तो जगभर नेला. मुंबईत एक्स्चेंज आलं १८८२ ला. म्हणजे हा शब्द ना देवाचा, ना राजाचा, ना कुळाचा. नुसती हाळी. ‘ऐकू येतंय का?’ एवढाच त्याचा अर्थ. ज्याला अर्थ नाही म्हणून सरकार नाक मुरडतं, तोच मला त्याचा गुण वाटतो. आपल्या भाषेत माणसानं माणसाला भेटताना तोंडात घ्यायचा असा शब्द दाखवा बरं, की ज्याच्यात वरचा कोण आणि खालचा कोण हे ठरलेलं नव्हतं!

आपल्या बापजाद्यांचा शब्द होता जोहार. तोसुद्धा लांबून, वाकून, पायातलं हातात घेऊन. समोरच्यानं उत्तर दिलंच पाहिजे असं नव्हतं. बहुतेक वेळा दिलंच जायचं नाही. गोंडांचा जोहार निराळा. तिकडे तो बरोबरीच्या माणसानं बरोबरीच्या माणसाला घातलेला असतो, त्यांचा स्वाभिमान आहे तो. आपला जोहार म्हणजे एका बाजूची वाट होती. खालून वर जायची, वरून खाली काही यायचं नाही. आपल्याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं, त्यानंतर या कोकणातल्या म्हाताऱ्यांची कंबर सरळ झाली आणि जोहार गळाला. पण मग म्हणायचं काय? रामराम म्हटलं तर ‘तुला कशाला रामराम’ म्हणून डोळे वटारणारे होते.

त्याला उत्तर दिलं नागपूरजवळच्या कामठीच्या बाबू हरदासांनी. विडी कामगारांची संघटना बांधणारा माणूस. १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेला आणि १९३९ च्या जानेवारीत, पस्तिशीत, गेला. सांगतात, की मुसलमान माणसं एकमेकांना सलाम घालतात आणि तोच सलाम उलटून परत देतात, ते त्यांनी पाहिलं. तसं आपलं काही असावं. आधी ‘जय भीम’ला ‘बळ भीम’ असं उत्तर ठरलं होतं म्हणे. मग दोन्हीकडून जय भीमच राहिला. नीट बघा यात काय केलंय या माणसानं. जेवढं दिलं तेवढंच परत यायचं. दिल्ली-नागपूरच्या साहेबानं दिला तरी तेवढाच, आणि रेवदंड्याच्या जेटीवर मासळी उतरवणाऱ्यानं दिला तरी तेवढाच.

आता टेलिफोनशी याचा संबंध काय? सांगतो.

ज्या पोरांच्या हातात पहिल्यापासून मोबाईल आला त्यांना ‘पी. पी. नंबर’ माहीत नसेल. फोन दुसऱ्याचा, निरोप आपला. १९८० च्या आसपास आमच्या भागात वाडीवाल्यांच्या घरात एखादा फोन असायचा, नारळीपोफळीच्या आत, काळा, जाळीच्या रुमालाखाली झाकलेला. आमच्या घरचा माणूस मुंबईला गोदीत. तिथून ट्रंककॉल यायचा. गडी बौद्धवाडीत यायचा, ‘फोन आहे, पाच मिनिटांनी परत येणार.’ आई धावत जायची. पडवीच्या पायरीखाली उभी राहायची. रिसीव्हर खिडकीतून बाहेर यायचा, वायर पुरेल तेवढा. ‘तोंडाला लावू नको गं, लांबून बोल,’ आतून आवाज. लांबून बोललेलं मुंबईला ऐकू जात नाही, म्हणून आई ओरडायची, आणि ती ओरडते म्हणून आतली पोरं हसायची. बोलणं झालं की रिसीव्हर पुसला जायचा. हे मी ऐकीव सांगत नाही, पायरीशी उभा राहून पाहिलंय.

तर त्या फोनवर आईचा पहिला शब्द काय असायचा? पलीकडून बाबा जय भीम म्हणायचे. बी. डी. डी. चाळीतल्या माणसाला तो मोठ्यानं म्हणायची सवय. आणि इकडं आई म्हणायची, ‘हां. बोला.’ त्या खिडकीखाली उभं राहून तिला तो शब्द उच्चारता येत नव्हता. घरी आली की मात्र चुलीपुढं बसून म्हणायची, ‘त्यांनी जय भीम सांगितलाय सगळ्यांना.’ फोनवर गिळलेला शब्द ती घरी आणून वाटायची.

पुढं नव्वदीत पिवळ्या पाटीचे एस. टी. डी. बूथ आले. रुपया टाका आणि बोला, काचेचं दार लावून. लोक म्हणतात देशात क्रांती झाली ती संगणकानं. आमच्या वाडीत ती त्या काचेच्या खोक्यानं झाली. रिसीव्हर तोच, आमच्या आधी कोणाचं तोंड लागलं, आमच्या नंतर कोणाचं, विचारायची सोय नाही. त्या खोक्यात आई पहिल्यांदा मोठ्यानं जय भीम म्हणाली. बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांनी वळून बघितलं. बघू देत.

आता माझा सवाल. आईनं चाळीस वर्षं वाट बघून मिळवलेला शब्द तुम्ही कुठं ठेवलात? तुमच्या खिशात स्वतःचा फोन आहे. पडदा उजळतो, नाव दिसतं. नाव आपल्यातलं असलं की ‘जय भीम!’ नाव दुसऱ्याचं असलं, की ‘हॅलो.’ नाव नसलं, नुसता नंबर असला, तरी ‘हॅलो’, आणि तोही जरा दबून. म्हणजे हॅलो हा तुमचा शब्द नाही, तुमची खिडकीखालची पायरी आहे. मघाशी मी हॅलोची बाजू घेतली ती मागं घेत नाही. जो सगळ्यांना एकसारखा हॅलो म्हणतो त्याच्याशी माझं भांडण नाही. जर्मनीत माणूस फोन उचलला की सरळ आपलं आडनाव सांगतो, त्याला त्यात काही वाटत नाही. इकडं आडनावावरून जात काढतात, म्हणून इकडचा माणूस आडनाव सोडून सगळं सांगतो. फोनवर चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत, कोण कुठल्या आळीतला ते कळत नाही. या देशात असा आंधळा क्षण दुसरा नाही. तो आपण कशासाठी वापरतो? लपायला.

रेवदंड्यात या, आणि कान देऊन ऐका. चहाच्या टपरीवर फोन वाजतो: ‘जय सद्गुरू.’ साळावच्या पुलावर मोटारसायकल थांबवून कोणी बोलतो: ‘जय सद्गुरू.’ नानासाहेब धर्माधिकाऱ्यांचं गाव हे, इथून दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका महाराष्ट्रभर गेल्या. गुरू आणि दासबोध यांबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे, आज तो विषय नाही. पण त्या श्रीसदस्याकडून एक गोष्ट शिका. आगरी असो, कोळी असो, तो नंबर बघत नाही. बँकेतून फोन असो की व्याह्याचा, त्याचा पहिला शब्द ठरलेला. पोलिसाचा ‘जय हिंद सर’ ठरलेला. शिवसैनिकाचा ‘जय महाराष्ट्र’ ठरलेला. समोरच्याला काय वाटेल याचा हिशेब यातला कोणी करत नाही. हिशेब करतो तो फक्त आपला शिकलेला माणूस.

हिशेब उगीच करत नाही, हेही मी जाणतो. शिर्डीत १६ मे २०१५ ला एक नर्सिंग शिकणारा आपला पोरगा लग्नाला आला होता. बियरच्या दुकानात बसला असताना त्याचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. बंद कर म्हणाले, मारलं, मोटारसायकलवर घालून नेलं आणि जीव घेतला, असं फिर्यादीत आहे. फोन उचलायच्या आधीचीच ही गोष्ट. नुसता वाजला. तेव्हा जो पोरगा परक्या शहरात खोली शोधतोय, जो कंपनीत सहा महिन्यांच्या कंत्राटावर आहे, तो अनोळखी नंबरला हॅलो म्हणाला तर मी त्याला भेकड म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यानं आधी त्याचं भाडं भरावं.

माझं बोट आहे ते दुसरीकडे. पक्की नोकरी, पनवेलला फ्लॅट, पोरं पुण्याला, आणि १४ एप्रिलला पांढरा शर्ट घालून स्टेजवर पहिल्या रांगेत. यांना कोण खोलीतून काढणार आहे? यांच्या फोनवर जय भीम म्हटलं की उत्तर येतं, ‘हां हां, बोला,’ आईसारखंच. पण आई पायरीखाली उभी होती. हे स्वतःच्या सोफ्यावर बसलेत.

आणि याच्या उलटा एक रोग कार्यकर्त्यांत शिरलाय, त्यावर आपल्या पानांतून फार कोणी लिहीत नाही. पुढाऱ्याला फोन लावायचा, आणि लागल्यालागल्या ‘जय भीम साहेब! जय भीम जय भीम!’ तीन-तीनदा, कंबरेतून वाकून, जणू पलीकडून दिसतंय. साहेब म्हणतो, ‘हं.’ झालं. जय भीमाचा जोहार केला आपण. खालून वर गेला, वरून परत आला नाही. बाबू हरदासांनी दोन टोकं बांधली होती, त्यातलं एक आपण सोडून दिलं. माझं सांगणं आहे, जो पुढारी ‘हं’ म्हणेल त्याला तिथंच परत जय भीम घालायचा. तोही गप्प राहिला तर पुन्हा. तो बोलेपर्यंत काम सांगायचं नाही. तिकीट जाईल, कमिटीतलं नाव जाईल. जाऊ दे.

बाकी या अंकाची वर्गणी थकलीय. स्टेन्सिल, शाई, कागद, सगळ्याचे भाव वाढलेत. पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांना फोन करणार आहे. माझा नंबर बदललाय, तुमच्याकडं नाव उमटणार नाही.