काही करत नाही जी तो!

अकोल्याची जठारपेठ असो की अमरावतीचं राजापेठ, फाटकाआड कुत्रा भुंकायला लागला आणि येणारा बाहेरच थबकला, की घरमालकाचं उत्तर ठरलेलं: "या ना जी, काही करत नाही तो. नुसता भुकते." फाटकावर मात्र ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी. यातलं खरं काय, हे खांद्यावर सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं ठरवायचं!

कुत्रा चावेल का, ही काळजी येणाऱ्यानं का वाहावी? ती पाळणाऱ्याची. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाहा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना, जाणूनबुजून वा हयगयीनं पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या भादंविच्या कलम २८९ मध्ये दंडाची मर्यादा हजार रुपये होती. कुत्र्याच्या दातांचा यात उल्लेखही नाही. सगळा रोख मालकाच्या ढिलाईवर आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होऊ शकतो तो वेगळाच. आणि पाटी लावली म्हणून सुटलो, असं समजू नका. धोका ठाऊक होता याचा तो पुरावाच, असं समोरचा वकील म्हणेल.

‘कोण जातं कोर्टात?’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मुंबईत लोक गेले. २०१० मध्ये गाडीजवळ दोघांचा वाद चालला होता, गाडीत रॉटवायलर होता. दार उघडू नको, असं सांगूनही मालकानं ते उघडलं आणि कुत्रा समोरच्या सत्तरीच्या गृहस्थांना चावला. निकालाला २०२३ उजाडलं, पण मालकाला तीन महिन्यांची कैद झाली. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्की चावला; २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. न्याय उशिरा मिळाला हे खरं, पण इतकी वर्षं तारखांना उभं राहणं हीसुद्धा शिक्षाच.

हस्कीवरून आठवलं. बर्फातलं ते जनावर आता आपल्याकडेही दिसतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, आणि हे बिचारं गच्चीवर पत्र्याखाली हातभर साखळीला बांधलेलं. पाण्याचं भांडं कलंडलेलं, जीभ बाहेर. दिवसभर असं तापलेलं कुत्रं संध्याकाळी फाटक उघडं दिसताच कुणावर धावलं, तर त्याला ‘बिघडलेलं’ म्हणायचं? अकोल्यात पशुवैद्यकशास्त्राची स्नातकोत्तर संस्था आहे. पिल्लू घेण्याआधी एखाद्या पशुवैद्यकाला विचारलं, तर इथल्या उन्हात कोणतं कुत्रं निभेल ते कळेल. पण आपण विचारतो कुणाला? फोटोला.

लेकरांनाही शिकवावं लागतं. जेवत्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अंगावर आलं तर पळायचं नाही. हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून उभं राहायचं.

आणि चावलंच तर आधी नळ गाठा. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. त्याच दिवशी अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून घराघरात आहे. ते दिवस कधीच गेले, आता लस दंडात देतात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते टाळू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही.

मोकाट कुत्र्यांचं प्रकरण मोठं आहे. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून ती हटवा, असं सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सांगितलं. ते काम महापालिकेचं. आपल्या फाटकाची कडी मात्र आपल्याच हातात आहे.

तुमचं कुत्रं कुणाला चावलं, तर लपवालपवी करू नका. त्या माणसासोबत दवाखान्यात जा, कुत्र्याच्या लसीचं कार्ड दाखवा, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. त्यासाठी चावा बसलेल्या माणसाची लस मात्र थांबवू नका. आणि ज्यांच्या घरात असं कार्डच नाही, त्यांनी या रविवारी कुत्र्याला घेऊन पशुवैद्यकाकडे जावं.