वाचा गेली, माणूस आहे!

नारायणगावच्या बाजारात आमच्या आजोबांच्या शब्दाला मान होता. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. 'पाणी' म्हणावयाचे असता तोंडून 'बैल' निघते. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला भ्रम झाला.

हा भ्रम नव्हे, वाचाघात होय. मेंदूच्या बहुधा डाव्या भागास इजा झाली की शब्द हरवतात. समज बरीचशी शाबूत असू शकते. वाचा व मेंदू यांचे हे नाते फ्रान्सच्या डॉ. ब्रोका यांनी १८६१ सालीच दाखविले. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही वाचाघाताची नोंद आहे. पण कायदा दाखला देईल, सोबत कशी देणार?

वाचोपचार सहा महिन्यांत संपले. आजीची परीक्षा संपली नाही. ती हो-नाहीचे प्रश्न विचारते, बोटाने दाखविते, उत्तराची वाट पाहते. घरातला पहिला कॉलेजवीर मी, पण आजोबांपुढे बसायचे टाळत होतो! गेल्या रविवारी बसलो. आजी कितीतरी दिवसांनी ओझरच्या विघ्नहराला जाऊन आली.

मित्रहो, सुटीत गावी जाल तेव्हा अशा घरी तासभर बसा. त्यांच्याविषयी नव्हे, त्यांच्याशी बोला. आणि त्यांचे वाक्य घाईने पुरे करू नका.