रोजा आणि दातांची निगा

रमजान आला की आमच्या मोहल्ल्यात एक वाद दरवर्षी नव्याने निघतो. रोजात दात घासावेत की नाही? कोणी म्हणतो, पेस्ट लावली की रोजा गेला. कोणी चूळ भरायलाही भितो. काहीजण तर हदीसचा आधार देतात की, रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहला कस्तुरीहून प्रिय आहे. मग घासायचे कशाला? ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, तिच्याविषयी शंका नाही. परंतु तिच्यावरून तोंड अस्वच्छ ठेवण्याची सवलत काढणे मला पटत नाही. मिसवाकचा आग्रह धरणाऱ्या हदीसही त्याच संग्रहांत आहेत. त्या मात्र कोणी सांगत नाही.

वास्तविक धर्मशास्त्राने याबाबतीत पुष्कळ मोकळीक दिलेली आहे. मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान हनफी आहेत आणि हनफी मताप्रमाणे रोजात मिसवाक केव्हाही चालते. कोकणातले बरेचसे शाफई. त्यांच्यात दुपार कलल्यावर ते नापसंत मानतात. मिसवाक म्हणजे पीलूच्या झाडाची काडी. ती न मिळाली तर आपली कडुलिंबाची, बाभळीची काडी आहेच. पेस्ट घशाखाली उतरली तर रोजा तुटतो, म्हणून उलेमा ती दिवसा टाळायला सांगतात. वजू करताना चूळ भरायचीच असते, फक्त खोल गुळण्या करायच्या नाहीत.

मग बिघडते कोठे? माझ्या मते सगळी हयगय रात्रीची आहे. इफ्तारला खजूर, लाल सरबत, भजी, तरावीहनंतर चहा-बिस्किटे, पहाटे सहरीला घाईघाईत दूध-फेणी, आणि फजरची नमाज झाली की अंथरूण. दातांत अडकलेले गोड तसेच राहते. पुढे तेरा-चौदा तास तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. तोंड धुण्याचे काम एरवी लाळ करीत असते. ती कमी झाली की जिभेवर पांढरा थर बसतो, जंतू माजतात, वास येतो, आणि गोडाचे आम्ल होऊन दात पोखरले जातात. सहरी संपण्याआधी पाच मिनिटे ब्रश केला व जीभ घासली तर याला पुष्कळ आळा बसेल, आणि त्याला कोणत्याही मौलवीसाहेबांची हरकत नाही. अर्थात पाणी हवे. २०१९ साली रमजान मे महिन्यात आला होता आणि बीड जिल्हा दुष्काळात होता. टँकरचे पाणी, वजूला एक लोटा. जीभ घासणे कोणाला सुचणार?

आमच्याकडच्या बायकांचे दुखणे निराळेच आहे. माझ्या अम्मीला मिसरीची सवय, शेजारच्या हिंदू काकूंनाही. तंबाखू तव्यावर भाजून काळी भुकटी करायची आणि हिरड्यांना लावायची. तिने दात बळकट होतात अशी समजूत! तोंडाच्या कॅन्सरचे नाव काढले की हसतात. रोजात दिवसभर ही डबी बंद असते, इफ्तार झाला की उघडते. पुरुषांच्या गुटख्याचे तेच. राज्यात त्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे पानटपरीकडे पाहून खरे वाटत नाही. जो माणूस चौदा तास पुडीला हात लावत नाही, त्याने ती सुटत नाही असे सांगू नये. सोडायला सुरुवात करण्यास वर्षात याहून चांगला महिना नाही.

गेल्या रमजानात अम्मीची दाढ सुजली. ईदनंतर पाहू, म्हणत तिने तीन आठवडे रात्रीच्या लवंगेवर काढले. शेवटी दाढ काढावीच लागली. आजारी माणसाला रोजे पुढे भरून काढण्याची मुभा कुराणातच आहे. हिरडीतल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असेही बहुतेक उलेमा सांगतात. हे मी तिला म्हटले तर ती म्हणाली, "तू कधीपासून आलिमा झालीस?" घरात पुस्तक वाचणारी मी पहिलीच, माझे कोण ऐकणार?

म्हणून आपल्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला. दाढेसाठी तेवढ्या दूर आमच्याकडचे कोणी जात नाही. राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे रमजानच्या आधी, शाबान महिन्यात, मोहल्ल्यातच दंततपासणी ठेवावी. बायकांसाठी वेळ दुपारची असावी, आणि दाराशी मिसरीच्या डब्या टाकायला एक टोपली.